एका स्वयंसैनिकाचे दप्तर

कुलवृत्तांतासाठी जुने कागद जमविण्याचे काम ज्या ज्ञातिबांधवांनी कधी अंगावर घेतले असेल, त्यांस एक अनुभव हटकून आलेला असतो. घरोघर जाऊन विचारावे, तो उत्तर एकच मिळते : ‘होती हो पुष्कळ, पण...’ या ‘पण’च्या पुढे कधी वाळवी असते, कधी १९६१ सालचा पानशेतचा पूर असतो, कधी वाटणीच्या वेळचा भाऊबंदकीचा कज्जा असतो, आणि बहुतेक वेळा काहीच नसते, घर बदलले, माळा साफ केला, कागद रद्दीत गेले, इतकेच. सनद, वतनपत्र किंवा निवाडा असेल तर लोक तो सांभाळतात, कारण त्याच्याशी जमिनीचा संबंध असतो. घरच्या माणसाने घरच्या माणसास लिहिलेल्या चार ओळींशी कसलाच हक्क जोडलेला नसतो, म्हणून त्या आधी जातात.

इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला आणि पुढे जन्मभर गावोगावचे वाडे व त्यांतील दप्तरे धुंडाळली, हे आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. त्या खटाटोपाचे मोल आता कोणी नाकारीत नाही. परंतु अलीकडच्या काळातील कागदांविषयी, आणि तेही मुत्सद्द्यांच्या नव्हे तर साध्या शिपायाच्या कागदांविषयी, ‘त्यात काय असणार?’ हीच आपली समजूत अद्यापि कायम आहे. त्यात काय असते, हे दाखविणारी एक हकीकत यंदाच्या अंकासाठी आम्ही निवडली आहे. ती आपल्याकडील नव्हे, स्पेन देशातील आहे. मात्र तिच्या नायकाचा जन्म बिहारातील मोतीहारी येथे झाला होता, आणि पुढे एका वळणावर ती आपल्या मराठी भाषेलाही स्पर्श करून जाते.

एरिक आर्थर ब्लेअर हा २५ जून १९०३ रोजी मोतीहारीस जन्मला. महात्माजींच्या चंपारण्य सत्याग्रहाने १९१७ साली देशभर गाजलेले मोतीहारी ते हेच. त्याचा बाप सरकारच्या अफू खात्यात नोकरीस होता. मूल वर्षाचे असतानाच आई त्यास घेऊन विलायतेस गेली. मोठेपणी, १९२२ पासून १९२७ पर्यंत, त्याने ब्रह्मदेशात पोलीस अधिकाऱ्याची नोकरी केली आणि साम्राज्याच्या चाकरीचा वीट येऊन ती सोडली. त्यानंतर त्याने लेखणी हाती धरली, ती जॉर्ज ऑर्वेल या टोपणनावाने. याच नावाने जग त्यास ओळखते, म्हणून आम्हीही तेच वापरतो. ज्या सरकारी कागदाची गोष्ट पुढे यावयाची आहे, त्यात मात्र त्याचे खरे आडनाव आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

स्पेनमध्ये १९३६ च्या जुलैत सेनापतींनी लोकनियुक्त सरकाराविरुद्ध बंड केले. जनरल फ्रँको हा त्यांचा म्होरक्या झाला. जर्मनी व इटली यांनी त्यास उघड मदत केली. सरकारपक्षास रशियाने शस्त्रे दिली. त्या सरकारासाठी लढण्यास देशोदेशींचे तरुण आपण होऊन गेले. त्यांत आपल्याकडील एक नाव आहे, ते येथेच सांगून टाकतो. नागपूरचे गोपाळ मुकुंद हुद्दार हे राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे पहिले सरकार्यवाह. पत्रकारितेच्या अभ्यासासाठी ते लंडनला गेले होते. तेथून ते स्पेनमध्ये गेले आणि आंतरराष्ट्रीय ब्रिगेडच्या ब्रिटिश तुकडीत ‘जॉन स्मिथ’ या नावाने लढले. १९३८ साली गांदेसाजवळ शत्रूच्या हाती सापडले आणि बुर्गोसजवळच्या सान पेद्रो दे कार्देन्या या जुन्या मठातील बंदिवास भोगून त्याच वर्षी सुटले. मराठी माणसाने परदेशच्या युद्धात बंदूक धरली आणि कागदोपत्री तो जॉन स्मिथ झाला! उद्या कोणी नुसत्या यादीवरून शोध घेऊ म्हणेल तर त्यास नागपूरचे हुद्दार कसे सापडावेत? घरी ठेवलेला कागद सरकारी कागदाहून वेगळे काय सांगतो, याचे एक उदाहरण इथेच मिळते.

ऑर्वेल हा डिसेंबर १९३६ च्या अखेरीस बार्सिलोना शहरी पोचला. खर्चासाठी घरची चांदी गहाण ठेवली होती, असे सांगतात. सासूने चौकशी केली तेव्हा ‘कुळाचे चिन्ह कोरण्यास दिली आहे’ असे उत्तर बायकोने दिले, अशीही आख्यायिका आहे. (सासू-सुनांचा व्यवहार सर्व देशी सारखाच, असे म्हणावे लागते.) तो बातमीपत्रे लिहिण्यास गेला होता, पण शहरातील वातावरण पाहून लागलीच लढवय्यांत दाखल झाला. भरतीच्या नोंदीत त्याने आपला धंदा किराणा दुकानदार असा सांगितला. ते खोटे नव्हते. इंग्लंडातील वॉलिंग्टन खेड्यात नवराबायको एक लहानसे दुकान चालवीत होती.

तो दाखल झाला ते पथक एका छोट्या पक्षाचे होते. त्याचे नाव, आद्याक्षरे जुळवून, ‘पोऊम’. हा पक्ष मार्क्सवादी, पण स्टालिनच्या विरोधात. विलायतेतील इंडिपेन्डन्ट लेबर पार्टीची ओळखपत्रे घेऊन ऑर्वेल गेला होता आणि त्या पार्टीचे सख्य पोऊमशी होते, एवढ्याच कारणाने तो तिकडे गेला. पक्षापक्षांतील वादांचे त्यास तेव्हा सोयरसुतक नव्हते. परंतु शिपायाने कोणत्या रांगेत उभे राहावे हे पुष्कळदा योगायोग ठरवितो, आणि पुढे त्या रांगेबद्दल जाब मात्र त्यासच द्यावा लागतो.

आरागोन प्रांतातील डोंगरांवर त्याने हिवाळा काढला. हाती बंदूक मिळाली ती १८९६ सालच्या बनावटीची, चाळीस वर्षांची जुनी. शत्रूपेक्षा थंडी, उवा आणि सरपणाची टंचाई यांच्याशीच अधिक लढावे लागे. या सर्व काळात तो रोजनिशी लिहीत होता. त्याची पत्नी आयलीन फेब्रुवारी १९३७ मध्ये बार्सिलोनास आली आणि लेबर पार्टीच्या तेथील कचेरीत कारकुनीचे काम करू लागली. मार्च महिन्यात ती आघाडीवरही जाऊन आली आणि ती सारी हकीकत तिने पत्राने आईस कळविली. तोफा चालू असता मुलगी खंदक पाहून येते व आईस तसे कळविते, हे पत्र वाचून माउलीच्या जिवाचे काय झाले असेल ते असो. परंतु पत्र राहिले. एप्रिलात आयलीनने नवऱ्याच्या साहित्यव्यवहार पाहणाऱ्या गृहस्थास लिहिले की, तो रोजनिशी चांगली ठेवीत आहे आणि तीतून पुस्तक होईल अशी आपणास पुष्कळ आशा आहे. तेही पत्र राहिले. ज्या रोजनिशीविषयी ते लिहिले होते, ती मात्र राहिली नाही.

मे १९३७ च्या पहिल्या आठवड्यात बार्सिलोनाच्या रस्त्यांत सरकारपक्षाच्या माणसांतच आपापसांत गोळीबार झाला. ऑर्वेल रजेवर होता. तोही पोऊमच्या इमारतीच्या रक्षणास समोरच्या गच्चीवर बंदूक घेऊन बसला. या यादवीचा सारा दोष पोऊमच्या माथी मारण्यात आला. पोऊम हा फ्रँकोचा हस्तक आहे, त्याचे पुढारी हेर आहेत, अशी आवई उठविण्यात आली. ऑर्वेल तोवर पुन्हा आघाडीवर गेला होता. २० मे रोजी पहाटे शत्रूची गोळी त्याच्या गळ्यातून आरपार गेली. मुख्य रक्तवाहिनी केसभराने वाचली. आवाज कित्येक दिवस गेला. त्याचा वरिष्ठ, जॉर्ज कॉप नावाचा सेनानी, याने त्या जखमेचे सविस्तर वर्णन आयलीनच्या भावास लिहून पाठविले, कारण तो नामांकित शल्यवैद्य होता. हे पत्रही टिकले आहे.

आता मूळ विषय येतो. १६ जून १९३७ रोजी पोऊम बेकायदा ठरविण्यात आला. त्याचा पुढारी आंद्रेस निन यास पकडून नेऊन गुप्तपणे ठार मारण्यात आले. ऑर्वेलला याचा पत्ता नव्हता, कारण तो त्या दिवसांत लष्करातून मुक्त होण्याचे दाखले मिळविण्यासाठी एका इस्पितळातून दुसऱ्या इस्पितळात हेलपाटे घालीत होता. सहीशिक्क्याचा हा जाच आपल्याच देशात आहे असे कोणी समजू नये. २० जून रोजी तो बार्सिलोनाच्या हॉटेलात परत आला. आयलीन दिवाणखान्यात बसली होती. ती उठली, हसतमुखाने जवळ आली, गळ्यात हात टाकला आणि कानात सांगितले की, ताबडतोब येथून बाहेर पड.

दोन दिवसांपूर्वी पहाटेच्या सुमारास साध्या वेषातील सहा पोलीस तिच्या खोलीत शिरले होते. सुमारे दोन तास त्यांनी झडती घेतली. भिंती ठोकून पाहिल्या, चटया उचलल्या, पडदे चाचपले, केराची टोपली उपसली. सिगारेटी वळण्याच्या कागदांची पाकिटे होती, ती फोडून एकेक पातळ कागद उजेडात धरून पाहिला. हिटलरच्या आत्मचरित्राची फ्रेंच प्रत सापडली तेव्हा त्यांस संशय आला. लागलीच ट्रॉट्स्कीवाद्यांचा बंदोबस्त कसा करावा यावरील स्टालिनची पुस्तिका हाती आली तेव्हा त्यांस थोडा धीर आला. खोलीतील एक वस्तू तेवढी त्यांनी तपासली नाही, ती म्हणजे पलंग. कारण आयलीन त्यावर निजून होती आणि स्पॅनिश माणूस स्त्रीस बिछान्यावरून उठविणे असभ्यपणाचे समजतो! पासपोर्ट व चेकबुक तेवढे सुदैवाने बचावले. बाकी रोजनिशी, पुस्तके, महिनोन् महिने जमविलेली कात्रणे, लढाईतून आणलेल्या आठवणीच्या वस्तू आणि झाडून सारी पत्रे पोलिसांनी नेली. त्याच्या आधीच्या पुस्तकाविषयी वाचकांनी लिहिलेली काही पत्रेही त्यांत होती. त्यांस उत्तरे जावयाची राहिली होती आणि पत्ते तर गेलेच. पुढे पुस्तक लिहिताना ऑर्वेलने त्या अनोळखी वाचकांची त्यातूनच क्षमा मागितली आहे. इस्पितळात ठेवलेले त्याचे मळके कपडेही पोलिसांनी उचलून नेले. त्यांवर अदृश्य शाईने काही लिहिलेले असेल, असा संशय त्यांस आला असावा.

त्या दिवशीची एक बारीकशी गोष्ट आम्हांस सर्वांत बोलकी वाटते. हॉटेलातून बाहेर पडताच आयलीनने नवऱ्याकडून पथकाचे ओळखपत्र फाडून टाकविले. साथीदारांबरोबर काढलेले एक छायाचित्रही फाडविले, कारण त्यात मागे पोऊमचा झेंडा दिसत होता. राहिला तो लष्करातून मुक्त केल्याचा दाखला. त्यावर २९ व्या डिव्हिजनचा शिक्का होता आणि ती डिव्हिजन पोऊमची हे पोलीस जाणत होते. दाखला जवळ ठेवावा तर पोऊमचा माणूस म्हणून पकडले जाण्याचे भय. फेकावा तर पळपुटा शिपाई म्हणून पकडले जाण्याचे भय. गळ्याची जखम अजून भरावयाची, आवाज घोगरा, आणि ज्या सरकारासाठी ती गोळी खाल्ली त्याच सरकाराच्या शिपायांपासून लपण्यासाठी तो गृहस्थ रात्री एका पडक्या देवळाच्या आसऱ्याने निजला. दाखला खिशातच होता.

अशा वेळी जीव घेऊन पळावे, तो याने आणखी एक कागद सोडविण्याचा उद्योग केला. जॉर्ज कॉप यास अटक झाली होती. युद्धखात्याने त्याच्याजवळ एका कर्नलसाहेबांच्या नावे पत्र दिले होते, ते पोलिसांनी काढून घेतले होते. ते पत्र योग्य स्थळी पोचले तर कॉपचा विश्वासूपणा सिद्ध होईल, या आशेने ऑर्वेल आपण होऊन युद्धखात्याच्या कचेरीत गेला. तेथील एका ठेंगण्या अधिकाऱ्याने त्यास पोलिसांच्या मुख्य ठाण्यात नेले, आत जाऊन वाद घातला आणि पत्र मिळविले. निरोप घेताना त्या अधिकाऱ्याने पोलिसांच्या देखत ऑर्वेलशी हस्तांदोलन केले. ज्या माणसावर देशद्रोहाचे किटाळ आहे त्याचा हात हातात घेणे म्हणजे आपली मान देण्यासारखे होते. कॉप त्यामुळे सुटला नाही. दीड वर्ष कैदेत खितपत पडून १९३८ च्या डिसेंबरात बाहेर आला. परंतु त्या हस्तांदोलनाची नोंद ऑर्वेलने केली, म्हणून त्या अनामिक अधिकाऱ्याचे आज आपणांस स्मरण आहे.

२३ जून रोजी ती दोघे आणखी दोघा सोबत्यांबरोबर सुखवस्तू प्रवाशांसारखी आगगाडीच्या भोजनाच्या डब्यात बसून फ्रान्सच्या हद्दीत उतरली.

मायदेशी आल्यावर हाती काय होते? रोजनिशी नाही, टिपणे नाहीत, कात्रणे नाहीत. शिवाय ऐकून घेण्यास कोणी तयार नव्हते. डाव्या विचारांच्या वर्तुळात पोऊम देशद्रोही आहे हे वेदवाक्य झाले होते. त्याच्या नेहमीच्या प्रकाशकाने, व्हिक्टर गोलांझने, पुस्तक लिहून होण्यापूर्वीच नकार दिला. एका प्रतिष्ठित साप्ताहिकाने त्याचे परीक्षण छापण्याचे नाकारले. येथे आम्ही एवढेच नमूद करू की, नाकारणारे सगळेच दुष्ट होते असे नव्हे. फ्रँकोविरुद्ध लढणाऱ्या पक्षात फूट दिसू नये, अशी पुष्कळांची प्रामाणिक भावना होती. हुद्दारांच्या सोबत्यांपैकीही किती तरी जण पोऊमविषयीच्या त्या बातम्या खऱ्याच मानीत असतील. असत्यास बळ येते ते बहुधा भल्या माणसांच्या अशा सद्भावनेनेच.

जानेवारी १९३८ पर्यंत त्याने पुस्तक पुरे केले. २५ एप्रिल १९३८ रोजी ते ‘होमेज टू कॅटालोनिया’ या नावाने दुसऱ्या प्रकाशकाकडून निघाले. १५०० प्रती छापल्या होत्या. ऑर्वेल २१ जानेवारी १९५० रोजी वारला तोवरही त्या संपल्या नव्हत्या. हेच पुस्तक आज त्या युद्धावरील श्रेष्ठ ग्रंथांत गणले जाते.

परंतु स्मरणावर लिहिलेल्या ग्रंथात स्मरणाचे दोष यावयाचेच. बार्सिलोनातील रस्त्यांवरच्या धुमश्चक्रीत सरकारच्या ज्या सशस्त्र पोलिसांविषयी तो लिहितो, त्यांस त्याने एका दलाचे नाव दिले. ते प्रत्यक्षात दुसऱ्याच दलाचे होते. एका ठिकाणी त्याने शत्रूच्या ठाण्यांवर अमुक निशाण पाहिल्याचे लिहिले. पुढे त्यास त्याविषयी संशय आला. रोजनिशी हाताशी असती तर हे घडते ना. कौतुकाची गोष्ट अशी की, या चुका त्याच्या विरोधकांनी दाखवून दिलेल्या नाहीत. त्याच्याच कागदांत त्याने स्वतः लिहून ठेवलेल्या दुरुस्त्यांत त्या आहेत. पक्षीय भांडणांची दोन प्रकरणे मूळ कथनातून काढून शेवटी परिशिष्टात टाकावीत, अशीही सूचना त्याने करून ठेवली होती. प्रकाशकांनी ती मनावर घेतली ती त्याच्या मृत्यूनंतर छत्तीस वर्षांनी, १९८६ च्या आवृत्तीत. लेखक गेला तरी त्याचा हात त्या आवृत्तीवर फिरला, तो केवळ ती टिपणे शाबूत होती म्हणून.

मराठीशी आलेला संबंध आता सांगतो. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ पासून १९४३ पर्यंत, ऑर्वेल बी.बी.सी.च्या हिंदुस्थान विभागात नोकरीस होता. आठवड्याच्या युद्धवार्तांवरील समालोचने तो इंग्रजीत लिही आणि ती गुजराती, मराठी, बंगाली, तमीळ व हिंदुस्थानी या भाषांत उतरवून नभोवाणीवर वाचली जात. त्याच्या सहकाऱ्यांत कोल्हापूरकडच्या वेणू चितळे होत्या. त्या विभागाच्या कामात त्यांचा मोठा हात होता आणि मराठी कार्यक्रमांतही त्या बोलत. पुढे १९५० साली त्यांची ‘इन ट्रान्झिट’ ही इंग्रजी कादंबरी प्रसिद्ध झाली. तेव्हा ज्याच्या कागदांची ही कथा, त्याचे शब्द मराठी रूपाने आपल्याकडच्या कित्येक घरांतील रेडिओवर ऐकले गेले असतील; वाचणाऱ्याच्या तोंडी त्याचे नाव नसे एवढेच. बी.बी.सी.च्या दप्तरखान्यात त्याच्या इंग्रजी भाषणांची बाडे पुढे सापडली व १९८५ साली छापली गेली; भाषांतरासाठी लिहिलेली बहुतेक समालोचने मात्र नष्ट झाली.

त्याच्या घरच्या कागदांवरही संकटे थोडी आली नाहीत. १९४४ च्या जूनमध्ये लंडनमधील त्याच्या बिऱ्हाडावर जर्मन उडता बाँब पडला. मातीच्या ढिगाऱ्यातून ‘अ‍ॅनिमल फार्म’चे हस्तलिखित चुरगळलेल्या स्थितीत बाहेर काढावे लागले. मार्च १९४५ मध्ये आयलीन शस्त्रक्रियेच्या वेळी भूल दिलेली असतानाच वारली. त्याची दुसरी पत्नी सोनिया हिच्या पुढाकाराने १९६० साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात त्याचे दप्तर ठेवण्यात आले. तेथील ग्रंथपाल इयन अँगस याच्या साहाय्याने तिने १९६८ साली पत्रे व लेख चार खंडांत छापले. पीटर डेव्हिसन या विद्वानाने तर वर्षानुवर्षे खपून १९९८ साली समग्र वाङ्मय वीस खंडांत सिद्ध केले. राजवाड्यांच्या जातीचा हा मनुष्य.

या दप्तरातील स्पेनचा भाग पाहिला म्हणजे एक गोष्ट लक्षात येते. ऑर्वेलने स्वतःजवळ बाळगलेले त्यात फार थोडे आहे. ते तर पोलिसांनी नेले होते. जे आहे ते इतरांनी जपलेले आहे. आयलीनने आईस लिहिलेले, भावास लिहिलेले, कॉपने लिहिलेले, मित्रांना इस्पितळातून गेलेले. आयलीनने नोरा नावाच्या आपल्या कॉलेजच्या मैत्रिणीस लिहिलेली काही पत्रे तर अगदी अलीकडे, २००५ साली उजेडात आली. सत्तर वर्षे ती पत्रे एका घरात स्वस्थ पडून होती आणि त्यांत काही विशेष आहे असे कोणासच वाटले नव्हते. लेकीची पत्रे माहेरी राहतात, मैत्रिणीची मैत्रिणीकडे राहतात. पुरुषाच्या पराक्रमाचा पुरावा बायकांच्या पेटीत सापडतो. आपल्याकडचे कुलवृत्तांतकार सासर-माहेरचे पत्रव्यवहार पाहत नाहीत. नुसती वंशावळ उतरून घेतात. ही आमच्या मते मोठी चूक आहे.

आणि सरकारी कागद? तोही मिळाला. ऑर्वेलच्या मृत्यूनंतर सुमारे चाळीस वर्षांनी माद्रिदच्या राष्ट्रीय दप्तरखान्यात एक अहवाल सापडला. तारीख १३ जुलै १९३७. व्हॅलेन्सिया येथील हेरगिरी व राजद्रोह यांचा विचार करणाऱ्या न्यायासनासाठी तो तयार केलेला होता. ब्लेअर व त्याची बायको आयलीन ही दोघे कडवी ट्रॉट्स्कीवादी आहेत, असे त्यात म्हटले आहे. आधार कोणता? त्यांचाच पत्रव्यवहार. म्हणजे पहाटे खोलीतून जे नेले होते, त्याचाच उपयोग करून हा आरोप रचला होता. अहवाल लिहिला गेला तेव्हा ती दोघे स्पेनमधून केव्हाच निसटून गेली होती. तीन आठवडे आधी आगगाडी चुकली असती तर काय प्रसंग ओढवला असता, हे निराळे सांगावयास नको. आपल्या नावाचा हा कागद त्यास आयुष्यात कधीच पाहावयास मिळाला नाही.

लेबर पार्टीच्या कचेरीतील कागदही सुरक्षित नव्हते. डेव्हिड क्रूक नावाचा एक तरुण इंग्रज त्याच हॉटेलात येऊन राहिला होता. तो रशियन गुप्त पोलिसांसाठी हेरगिरी करीत असे. दुपारच्या वामकुक्षीच्या वेळी कचेरी ओस पडली म्हणजे तो कागद उचली, एका ठरलेल्या घरी नेऊन त्यांची छायाचित्रे घेई आणि पुन्हा जागच्या जागी ठेवी. हे त्याने स्वतःच उत्तरायुष्यात सांगून टाकले आहे. पुढे तो चीनमध्ये इंग्रजी शिकवीत राहिला; तेथल्या सांस्कृतिक क्रांतीत १९६७ साली त्यासच हेर ठरवून पाच वर्षे तुरुंगात ठेवण्यात आले. दैवगती म्हणावी, दुसरे काय!

माद्रिदचा कागद आणि नोराची पत्रे ही दोन्ही आता छापील ग्रंथांत वाचावयास मिळतात. एका बाजूस, ही माणसे शत्रूला मिळालेली आहेत असे सुचविणारे सरकारी टिपण. दुसऱ्या बाजूस, नवऱ्याला चॉकलेट, सिगार व चहा आघाडीवर कसा पोचता करावा या विवंचनेत असलेल्या बाईची पत्रे. ज्याने त्याने वाचावे आणि ठरवावे.

रोजनिशीचे काय झाले, हे शेवटी सांगावयाचे राहते. बार्सिलोनात नेलेल्या कागदांपैकी काही मॉस्कोस रवाना झाले, अशी माहिती पुढे आली. ऑर्वेलच्या नावाचे एक प्रकरण रशियन गुप्त पोलिसांच्या दप्तरात असल्याचे डेव्हिसन यास एका जाणकाराकडून कळले होते, आणि स्पेनमधील एक किंवा दोन रोजनिश्या त्यातच असाव्यात असे त्याचे मत होते. आरागोनच्या खंदकात बोटे बधिर झालेली असता लिहिलेली ती पाने अद्यापि कोणा अभ्यासकाच्या हाती आलेली नाहीत. आयलीन पलंगावर निजून पाहत होती आणि सहा पोलीस ती घेऊन दाराबाहेर पडले. त्यानंतर घरच्या कोणाही माणसाने ती पाहिली नाहीत.